गिअरच्या दांड्यातला खेळ

यंत्राच्या दुरुस्तीविषयी साहित्यचर्चेच्या पानावर लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. वास्तविक तो असायला हरकत नव्हती. मराठीतील एका महत्त्वाच्या मासिकाची सुरुवात १९२० साली नांगर तयार करणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीत, ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने झाली. मर्ढेकरांच्या १९४७च्या ‘काही कविता’नंतर यंत्रयुगाची भाषा कवितेला परकी राहिलेली नाही. पण कवितेत यंत्र आले ते बहुधा मोठे होऊन आले: गिरणी, भोंगा, धुराडे, माणसाला गिळणारे किंवा मुक्त करणारे काहीतरी. यंत्रातला बोटाच्या पेराएवढा भाग, जो झिजतो आणि बदलावा लागतो, तो आपल्या चर्चेत सहसा येत नाही. आम्हांला आज अशाच एका भागाविषयी, म्हणजे जुन्या मोटारीच्या गिअरच्या बुशाविषयी, लिहायचे आहे. आणि ते लिहिताना समीक्षेतल्या एका फार वापरल्या जाणाऱ्या शब्दाकडे बोट दाखवायचे आहे.

आधी वस्तू पाहू. मोटार चालवणाऱ्याच्या हातात गिअरचा दांडा असतो, आणि प्रत्यक्ष दातेरी चक्रे गिअरबॉक्समध्ये असतात. या दोहोंच्या मध्ये काही सळया आणि काही सांधे. जिथे सळईचा डोळा आणि खिट्टी एकत्र येतात, तिथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून रबराची, नायलॉनची किंवा पितळेची एक छोटी नळी बसवतात. तिचे नाव बुश. ते शेजारच्या पोलादापेक्षा मुद्दाम मऊ ठेवलेले असते. सांध्यातली झीज कोणाला तरी सोसावीच लागते. ती खिट्टीने सोसली तर खर्च मोठा, म्हणून बुशाने सोसायची, अशी ही रचना आहे. थोडक्यात, बुश झिजले म्हणजे त्याने आपले काम केले.

आपल्याकडच्या वाचकाला हे उदाहरण सर्वांत जवळून दिसेल ते प्रीमियर पद्मिनीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी आधी फियाट ११०० म्हणून बाहेर पडे. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर चार. शर्यतीची गाडी म्हणून ती जन्मली नव्हती. पण मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर हौशी चालकांनी याच फियाटच्या सुधारून घेतलेल्या गाड्या पळवल्या, आणि आयातबंदीच्या त्या काळात अनेकांची ‘स्पोर्ट्स कार’ची हौस हिच्यावरच भागली. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. दांड्याच्या एका हालचालीने गिअरांची जोडी निवडली जाते आणि दुसरीने त्या जोडीतला एक गिअर लागतो. हाताचा हा दुहेरी हुकूम खांबावरून खाली उतरून सळयांमार्फत गिअरबॉक्सपर्यंत पोचतो. वाट लांब, म्हणून सांधे अधिक.

या सांध्यांचे गणित सोपे, पण विचार करायला लावणारे आहे. समजा, चार सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर झीज झाली. एकेका सांध्यात ती बोटालाही जाणवणार नाही. पण चारही मिळून दोन मिलिमीटर होतात, आणि दांड्याची मूठ सळईच्या पाचपट अंतर फिरत असेल, तर हाताशी तो सैलपणा एक सेंटिमीटरचा होतो. मग दांडा लोंबू लागतो, खडखडतो. दुसरा गिअर हवा असताना भलताच लागतो किंवा मुळीच लागत नाही. मालक धास्तावतो, गिअरबॉक्स गेला असे समजतो. मुरलेला मेकॅनिक मूठ दोनदा हलवून पाहतो आणि म्हणतो, “शेठ, गिअरबॉक्सला काही झालेलं नाही. बुशं गेलीत. नुसता खेळ आलाय.”

‘खेळ आलाय.’ हाच तो शब्द. कोणी ‘प्ले’ म्हणेल, कोणी ‘ढिलं झालंय’ म्हणेल. पण खेळ हा शब्द इथे अगदी चपखल आहे, आणि तो केवळ इंग्रजीची नक्कल म्हणून नव्हे. मराठीत हवा खेळती असते, पाणी शेतात खेळवले जाते, भांडवलसुद्धा खेळते असते. अडसर नसलेली, तरी वाट न सोडणारी हालचाल हा अर्थ आपल्या क्रियापदात पूर्वीपासून आहे. आता वर्गात आपण काय शिकवतो ते पाहावे. जाक देरिदा यांनी १९६६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानापासून अर्थाचा ‘खेळ’ ही कल्पना साहित्यविचारात रुळली. ज्या फ्रेंच शब्दावर हे विवेचन उभे आहे, त्याला यंत्राच्या सांध्यातली मोकळीक असाही अर्थ आहे. इंग्रजी शब्दालाही आहे. आपण मात्र विद्यार्थ्यांना तो ‘क्रीडा’ किंवा ‘लीला’ म्हणून सांगतो. दोन्ही शब्द सुंदर आहेत आणि दोन्हींतून मेकॅनिक हद्दपार झाला आहे. लीलेला माप नसते. सांध्यातल्या खेळाला असते.

हे माप हा आमच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. सांध्यात खेळ शून्य असेल तर दांडा हलणारच नाही. तो अमर्याद असेल तर हाताचा हुकूम पोचणार नाही. चांगले बुश खेळ नाहीसा करत नाही, तो मापात आणते. आपल्या सुतारांकडे आणि लोहारांकडे अशा मापासाठी ‘सूत’ हा शब्द होता, अजूनही आहे: इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. पाव सूत कमी, अर्धे सूत जास्त, अशा बोलीत ज्यांची हयात गेली त्यांना सैलपणा आणि मोकळीक यांतला भेद व्याख्येवाचून कळत असे.

पनवेलच्या संदर्भात हे सांगण्यास विशेष कारण आहे. आज पनवेल म्हटले की द्रुतगती मार्गाचे तोंड डोळ्यांपुढे येते. पण १८३० साली बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यावर मुंबईहून होडीने पनवेल बंदर आणि तिथून गाडीरस्त्याने पुणे, हा प्रवासाचा आणि मालवाहतुकीचा परिपाठ होता. एकोणिसाव्या शतकातल्या या गावाचा एक नावाजलेला धंदा बैलगाडीची चाके तयार करण्याचा होता. चाकाच्या लाकडी तुंब्यात, कण्याभोवती, एक लोखंडी कडे बसवत. त्याला आवण म्हणत. आवण झिजली की चाक लचकू लागे, मग ती बदलायची आणि वंगण घालायचे. चाक टाकून द्यायचे नाही. ‘बुश’ या शब्दाचे जे काम, जवळजवळ तेच काम ‘आवण’ या शब्दाचे होते. आज जुन्या महामार्गालगतच्या गॅरेजांत वस्तू आहे, कसब आहे. शब्द मात्र पुस्तकांत राहिला. आम्हांला बुशाला आवण म्हणण्याची सक्ती करायची नाही. बुश हा आता मराठी शब्दच आहे. वस्तू झिजल्यावर ती कशी बदलावी हे ज्ञान मात्र या गावात मोटारीबरोबर आलेले नाही, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे.

आता दुरुस्तीकडे येऊ, कारण मतभेद तिथे आहे. खेळ वाढलेल्या पद्मिनीचे काय करावे याची चार उत्तरे दिली जातात.

पहिले उत्तर, काहीच करू नये. चालक सरावतो, दांडा कुठे नेला म्हणजे कुठला गिअर लागतो हे त्याच्या मनगटाला कळते, आणि तो अभिमानाने सांगतो की ही गाडी माझ्यावाचून कोणाला चालवता येत नाही. ते खरेही असते. पण घाटात एखाद्या वळणावर गिअर हुकला की त्या अभिमानाची किंमत शेजारी बसलेल्यालाही मोजावी लागते.

दुसरे उत्तर, खांबावरचा दांडा काढून टाकावा, तळाला छेद घ्यावा आणि जमिनीवरचा गिअर बसवून घ्यावा. हा एकेकाळी मोठा शौक होता; बकेट सीट आणि फ्लोअर गिअर म्हणजे गाडी ‘स्पोर्टी’ झाली असे समजत. त्यात कसब लागते हे खरे, पण त्यासाठी झिजलेली चार बुशे हे निमित्त पुरेसे आहे काय?

तिसरे उत्तर शर्यतीच्या शौकिनांचे: रबर काढावे आणि घट्ट पितळ बसवावे. गिअर कट्यारीसारखा लागतो हे निर्विवाद. मात्र इंजिनाचा प्रत्येक थरकाप मग मुठीत येतो. आणि बुश शेजारच्या खिट्टीपेक्षा कठीण निघाले तर झीज आपली जागा बदलते, इतकेच. स्वस्त भाग वाचतो, महाग भाग झिजतो.

चौथे उत्तर सर्वांत कमी आकर्षक आहे. गाडी नीट आधारावर उचलावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, सळयांच्या क्लिपा काढाव्यात, जुनी बुशे दाबून बाहेर काढावीत. डोळा साफ करावा. मग खिट्टीवरून नख फिरवून पाहावे: ती एका बाजूने खाल्ली गेली असेल तर नवे बुश काही महिन्यांत पुन्हा जाईल, म्हणून आधी खिट्टी बदलावी. बाजारात बुश मिळत नसेल तर लेथवाल्याकडून नायलॉनच्या कांडीतून मापाने करून घ्यावे. ग्रीस लावून बसवावे, सळयांची लांबी जुळवावी, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकदा टाकून पाहावेत, मग सुरू करून. काम उत्तम झाले तर बाहेरून काहीही दिसत नाही. गाडी जशी होती तशीच दिसते. फक्त तिचा चालक बदलला तरी चालते.

हा प्रश्न केवळ पद्मिनीचा नाही. पोर्शे ९११मध्ये दांडा पुढे आणि गिअरबॉक्स मागे असल्याने मधल्या सळईच्या जोडातली प्लास्टिकची बुशे झिजतात. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५मध्ये दांडा थेट गिअरबॉक्सवर बसतो, तरीही त्याच्या बुडाशी नायलॉनची वाटी असते आणि तीही झिजते. गाडी कितीही नामांकित असली तरी तिची पकड एका स्वस्त, मऊ भागावर अवलंबून असते.

साहित्याच्या अभ्यासकाला चौथे उत्तर अपरिचित नसावे. ज्ञानेश्वरीची प्रत प्रतीवरून उतरत गेली. प्रत्येक लेखनिकाकडून थोडी झीज, एखादा शब्द सैल, एखादा चरण वेगळा. एकेका प्रतीत न जाणवणारा हा खेळ तीनशे वर्षांत केवढा वाढला असेल! एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. ‘भावार्थरामायण’ हाती घेण्याचे सामर्थ्य असलेला हा कवी. नवी ज्ञानेश्वरी लिहिणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी सांधे तपासले. पुढे राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेली प्रत १९०९ साली छापली, ती एका अर्थी दुरुस्तीचीच तपासणी होती: नवे बुश मूळ मापाचे आहे की दुरुस्त करणाऱ्याच्या मापाचे? हा प्रश्न विचारण्याचा हक्क एकनाथांच्या कामाने कमी होत नाही. किंबहुना काम दुरुस्तीचे होते म्हणूनच तो विचारता येतो. जिथे गाडीचा तळच कापला गेला तिथे मूळ माप विचारायचे कोणाला?

यावर आक्षेप येईल की बदल हीच परंपरेची जिवंतपणाची खूण आहे, आणि जुने तसेच राखण्याचा आग्रह हा संग्रहालयाचा आग्रह आहे. आक्षेप हलका नाही. पण बुश बदलणारा जुने राखत नाही; तो जुने चालते करतो. संग्रहालयातल्या गाडीला बुशांची गरजच नसते. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली, तेव्हा हळहळ पुष्कळ व्यक्त झाली, छायाचित्रेही पुष्कळ निघाली. खाजगी मालकांकडच्या पद्मिनी उरल्या आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांना वेगळी नोंदणी देणारे केंद्राचे नियम २०२१ साली आले; १९७४ची पद्मिनी २०२४ साली पन्नाशीची झाली. कायद्यालासुद्धा आता मूळ रूप आणि मोठा फेरफार यांत भेद करावा लागतो आहे. हा भेद प्रत्यक्ष हाताने करणारी माणसे मात्र वयस्कर होत चालली आहेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा मुलगा पूर्ण भाग काढून पूर्ण भाग बसवायला शिकतो, कारण आजच्या गाड्या तेच मागतात.

म्हणून आमची सूचना माफक आहे. अर्थाच्या खेळाविषयी शिकवणाऱ्या अध्यापकाने विद्यार्थ्यांना एकदा गॅरेजमध्ये न्यावे, आणि झिजलेल्या बुशांची मूठ व नव्या बुशांची मूठ दोन्ही त्यांच्या हातात द्यावी. दोन्हींत खेळ असतो. एकीत गिअर लागतो, दुसरीत लागत नाही. संहितेपुढे बसल्यावर आपल्या हातात यांपैकी कोणती मूठ आहे, हे त्यानंतर त्यांना विचारावे.