वीज बचतीचा धडा आधी घरच्या मॉनिटरवर



१४ डिसेंबर, म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन जवळ आला की मी सातवीला 'विजेची बचत' हा निबंध देते. गेल्या वर्षीचे निबंध रात्री घरी तपासत बसले होते. बहुतेकांनी ठरलेलेच लिहिले होते, "वीज ही काळाची गरज आहे, वीज वाचवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे." एका मुलीने मात्र स्वतःच्या घरातले लिहिले. खोलीत कोणी नसताना टीव्ही चालू असतो आणि ती बंद करायला गेली की आजी म्हणते, "राहू दे गं, आत्ता बघायचाच आहे."

मी त्या वाक्याशेजारी 'छान उदाहरण' असा शेरा लिहिला आणि मान वर केली. समोर माझाच कॉम्प्युटर चालू! संध्याकाळी सातला गुणांचा तक्ता भरून मी उठले होते. दहा वाजले तरी पडद्यावर रंगीत मासे पोहत होते. तीन तास, आणि बघायला कोणी नाही. मग त्या आजीत आणि माझ्यात फरक तो काय?

हे मासे म्हणजे स्क्रीनसेव्हर. त्याने वीज वाचते असा आपल्यापैकी अनेकांचा समज आहे. मलाही बरीच वर्षे तसेच वाटायचे. खरे कारण वेगळे आहे. जुन्या, पाठीमागे फुगीर असलेल्या मॉनिटरमध्ये एकच चित्र फार वेळ राहिले की काचेच्या आतल्या लेपावर त्याचा कायमचा डाग पडे. तो पडू नये म्हणून हलते चित्र ठेवत. म्हणजे बचत पडद्याची, विजेची नव्हे. आजच्या सपाट मॉनिटरमध्ये चित्राच्या मागे दिवे असतात. चित्र काळे केले तरी बहुतेक मॉनिटरमध्ये ते मागचे दिवे जळतच राहतात. वीज वाचवायची तर मॉनिटर झोपायलाच हवा.

ही सोय काही नवी नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ साली 'एनर्जी स्टार' ही खूण सुरू केली, ती सगळ्यात आधी कॉम्प्युटर आणि मॉनिटरसाठीच. सोय तेव्हापासून आहे, आपण ती वापरत नाही इतकेच.

करायचे काय? विंडोज असेल तर 'सेटिंग्ज' उघडा, त्यात 'सिस्टीम', त्यात 'पॉवर'. जुन्या कॉम्प्युटरवर 'कंट्रोल पॅनेल'मध्ये 'पॉवर ऑप्शन्स' मिळेल. तिथे दोन वेळा ठरवायच्या असतात. पहिली, स्क्रीन किती मिनिटांनी बंद व्हावी. इथे पाच मिनिटे पुरतात. मूल पडद्यावर बराच वेळ धडा वाचत बसणार असेल तर दहा ठेवा. दुसरी, पूर्ण कॉम्प्युटर कधी झोपावा, म्हणजे 'स्लीप'. ती वीस-तीस मिनिटे ठेवा. स्क्रीन बंद झाली तरी आतले काम चालू राहते. स्लीपमध्ये मात्र डाऊनलोडही थांबते. पुन्हा काम करायचे तर माऊस हलवा किंवा एखादी कळ दाबा, झाले! आणि हो, ब्राइटनेस थोडा कमी करा. डोळ्यांनाही बरे, विजेलाही.

एक सावधगिरी हवीच. स्लीपमध्ये अर्धवट काम मेमरीत राहते आणि त्यासाठी थोडी वीज लागते. आपल्याकडे भारनियमन असते, कधी तारच तुटते. इन्व्हर्टर नसलेल्या घरी वीज गेली की ते काम गेलेच समजा. म्हणून उठताना आधी 'सेव्ह' करायची सवय मुलांनाही लावा. रात्री मात्र रीतसर शटडाऊन करूनच भिंतीवरचे बटण बंद करा.

आता कोणी विचारेल, "मॅडम, याने वाचणार किती?" खरे सांगते, फार नाही. घरच्या साध्या सपाट मॉनिटरला साधारण २० वॅट लागतात असे धरू. तो दिवसाला पाच तास उगाच चालू राहिला तर १०० वॅट-तास. १००० वॅट-तासांचे एक युनिट, म्हणजे दहा दिवसांत एक युनिट आणि महिन्याला तीन. दीड टनाचा एसी एवढी वीज दोन-तीन तासांत खातो. तेव्हा 'मॉनिटर बंद करा, देश वाचवा' असले काही मी म्हणणार नाही.

तरीही माझे मत असे, की हे घरोघरी करावे आणि मुलाकडूनच करून घ्यावे. एक तर या बचतीत कोणाची गैरसोय नाही. पंखा बंद केला तर घाम येतो. इथे तर आपण खोलीतच नसतो. दुसरे, रोज ओरडून सवय लागत नाही, पण एकदा केलेली सेटिंग रोज आपले काम करते. तिसरे कारण मला सगळ्यात मोठे वाटते. वरचा हिशोब सातवीच्या मुलाला येतो. मॉनिटरची माहितीपुस्तिका काढून वॅट बघू द्या, तास मोजू द्या, वीजबिलावरचा दर शोधून रुपये काढू द्या. मग टीव्ही, फ्रीज, गिझर. कुठे थेंब वाचतो आणि कुठे घागर, हे त्याला स्वतःच कळेल. घोषवाक्य पाठ करून ते कळत नाही.

त्या रात्री मी मासे बंद केले आणि पाच मिनिटांची सेटिंग लावली. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे खरे सांगितले. मुले आधी खूप हसली. मग एकाने विचारले, "मॅडम, आमच्या घरचापण बघू का?" यंदा निबंधाचा विषय मी तोच दिला आहे. फक्त अट घातली आहे, की आधी घरातले एक यंत्र मोजायचे आणि मगच लिहायचे.