भुलोबाची उंची

गेल्या आदितवारी पुतण्याच्या कन्येच्या सोयरिकीसंबंधाने मेहकरकडील चार प्रतिष्ठित मंडळी आमच्या घरी आली असता, पोह्यांचा कार्यक्रम यथासांग चालू असताना व मुलीच्या शिक्षणाचा तपशील मी कचेरीतल्या जुन्या सवयीने कलमवार निवेदन करीत असताना, त्यांच्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांची दृष्टी भिंतीलगतच्या काचेच्या कपाटावर गेली, आणि हातातली बशी तशीच अधांतरी धरून त्यांनी पृच्छा केली, “ह्या बाहुल्या कुणाच्या?” घरात लहान मूल नाही हे त्यांना पाच मिनिटांपूर्वीच सांगून झाले होते. मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, “यांच्याच आहेत जी.”

सोयरिकीचे पुढे काय व्हायचे ते होईल. मला बोचला तो ‘बाहुल्या’ हा शब्द. ह्या सदराच्या जुन्या वाचकांना माझे हे व्यसन ठाऊक आहे, आणि सेवानिवृत्त अव्वल कारकुनाने तुळशीची माळ धरण्याऐवजी प्लास्टिकचे शिपाई का धरावेत, याविषयी त्यांच्यापैकी काहींनी मला वेळोवेळी खरमरीत पत्रेही धाडली आहेत. परंतु बाहुली म्हणजे बाहुली आणि शिपाई म्हणजे शिपाई. ज्या माणसाने तीस वर्षे शेतसाऱ्याचे आणि नझुलाचे कागद वेगवेगळ्या रुमालांत बांधले, त्याला असला सरमिसळीचा व्यवहार कसा खपावा?

मजकूर थोडक्यात असा. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली जी. आय. जो नावाचा बारा इंची शिपाई बाजारात आणला, आणि मुलगे बाहुलीला हात लावणार नाहीत ह्या धास्तीने त्याचे ‘ॲक्शन फिगर’ असे नवे बारसे केले. १९८२ साली हाच शिपाई पावणेचार इंचांचा होऊन पुन्हा अवतरला, आणि त्याच वर्षी मॅटेल कंपनीने साडेपाच इंची, पिळदार दंडांचा ही-मॅन त्याच्यासमोर उभा केला. आपल्याकडे टायर बनविणाऱ्या एमआरएफने हॅस्ब्रोशी भागीदारी करून १९८७ साली फनस्कूल स्थापन केली, तिच्या गोव्याच्या कारखान्यातून शिपाई निघू लागले. ही-मॅन आला तो लिओ ह्या छापाखाली. परदेशी खेळण्यांवरची आयात जकात सरकारने २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ साली ७० टक्के केली असल्यामुळे, आमच्यासारख्यांना आता जुन्या देशी मालावरच गुजराण करणे प्राप्त आहे. तपशील संपला.

चिरंजीवांसाठी म्हणून अकोल्याहून आणलेला पहिला शिपाई चिरंजीवांनी दोन दिवसांत टाकून दिला आणि मी तो उचलून कचेरीच्या टेबलाच्या खणात ठेवला, तेथून ह्या प्रकरणाला आरंभ झाला. मला मोहविले ते त्याच्या बंदुकीने नव्हे, तर पाकिटामागे छापलेल्या मजकुराने. नाव, टोपणनाव, जन्मगाव, हुद्दा, विशेष कसब, आणि खाली वरिष्ठांचा शेरा असावा तसा एक छोटासा परिच्छेद: ही तर साक्षात सेवापुस्तिका! अमेरिकेत लॅरी हामा नावाच्या लेखकाने हे उतारे लिहिले असे मला पुष्कळ वर्षांनी कळले, आणि आमच्या खात्यात गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या काही साहेबांची त्या गृहस्थाकडे शिकवणी लावावयास हवी होती असे वाटून गेले.

खामगावचे माझे स्नेही मात्र कट्टर ही-मॅनपंथीय आहेत. चांदीच्या पेढीवर त्यांचे बालपण गेले, त्यामुळे जिन्नस हातात घेतला की प्रथम वजन पाहावयाचे हा त्यांचा वंशपरंपरागत धर्म. एकदा दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसताना त्यांनी तराजूच्या एका पारड्यात आपला ही-मॅन आडवा निजविला आणि दुसऱ्यात माझे शिपाई एकेक करून चढवू लागले. चौथा चढला तरी पारडे जागचे हलेना. पाचवा ठेवल्यावर काटा किंचित थरथरला आणि पुन्हा पैलवानाकडे झुकून स्थिर झाला. “तुमचं सगळं पथक मिळून माझा एक माणूस भरत नाही,” असा निकाल देऊन त्यांनी चहा मागविला. शिपायाची मान फिरते, कोपर वाकते, गुडघा मुडपतो, १९८३ सालापासून तर दंडही कोपराच्या वर गोल फिरू लागला, हे मी सारे प्रात्यक्षिकासह दाखविले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “चांदीची मूर्ती कुठं गुडघा मुडपते? म्हणून काय मोडीच्या भावात द्यावी?”

मीही गप्प बसलो नाही. ह्या पैलवानांच्या घराण्यात काटकसर इतकी की एकाच साच्यातले धड निरनिराळ्या रंगांत बुडवून, वर वेगळे मुंडके बसवून निराळा इसम म्हणून खपविण्याचा प्रघात होता. आणि ही-मॅन ज्या हिरव्या वाघावर बसतो तो वाघ तर त्याच कंपनीच्या बिग जिम नावाच्या जुन्या मालिकेतील साचा वापरून काढलेला, म्हणूनच स्वारापेक्षा वाहन अवाढव्य दिसते. हे मी सांगितले तेव्हा स्नेह्यांनी वाघाची बाजू घेतली. २०१९ साली गळ्यात पट्टा बांधलेला एक वाघ यवतमाळच्या टिपेश्वरहून निघून मजल दरमजल करीत आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला, तेव्हापासून वाघाविषयी उणा शब्द ते सहन करीत नाहीत.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे जे दोन भाग आहेत, त्यांचा ह्या वादाशी प्रत्यक्ष संबंध आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटणार नाही. माझ्या शिपायाचे धड, कंबर आणि दोन्ही पाय हे सगळे आत दडलेल्या एका बारक्या रबरी कडीने परस्परांना धरून ठेवलेले असतात. रबराला जरा आहेच. तीस-पस्तीस वर्षांनी ते सुकावयाचे, चिरावयाचे, आणि एके दिवशी तुटावयाचे, यात दोष कुणाचाही नाही. पण बुलढाण्याच्या थंड हवेत जी कडी पस्तीस वर्षे टिकते, ती घाटाखालच्या वैशाखात पंचविसाव्या वर्षीच राम म्हणते. गेल्या मे महिन्यात स्नेह्यांकडे मुक्कामाला नेलेला माझा एक सुभेदार रात्रीतून कमरेपाशी दुभंगला. सकाळी पाहतो तो छाती फळीवर आणि पाय खाली फरशीवर.

कडी शोधण्यासाठी मी बाजारातली हार्डवेअरची तीन दुकाने पालथी घातली, आणि अखेरीस फवारणीच्या पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या कृषी केंद्रात शिरलो. सोयाबीनच्या बियाण्यासाठी रांग लागलेली. माझ्या तळहातावर शिपायाची कंबर. दुकानदाराने ती चिमटीत धरून उजेडाकडे केली आणि विचारले, “कोनत्या कंपनीचा पंप हाये, काका?” मी खरे ते सांगितले. रांगेत मागे उभ्या असलेल्या दोघांनी माना पुढे काढून पाहिले. दुकानदाराने मात्र चेहऱ्यावर काडीचाही विकार न दाखविता प्लास्टिकच्या डब्यातून निरनिराळ्या मापांच्या काळ्या कड्या ओतल्या, एकेक आकड्यात अडकवून ताणून पाहिली, आणि सहाव्या प्रयत्नात नेमकी सापडली. पाठीतला पेच मी तेथेच काउंटरवर फिरविला. सुभेदार ताठ उभा राहिला. अशी सेवा मला आयुष्यात कोणत्याही कचेरीत मिळालेली नाही, आणि त्यात मी माझी स्वतःचीही कचेरी धरतो.

पण मी सांगत होतो बाहुल्यांविषयी. पाहुणे गेल्यावर मी तडक खामगावला फोन लावला, आणि दोघांनी मिळून तो जुना दावा पुन्हा उकरून काढला. अमेरिकेत बाहुलीवर जकात अधिक आणि इतर खेळण्यांवर कमी असे, आणि त्यावरून हॅस्ब्रो कंपनीच खुद्द सरकारविरुद्ध कोर्टात गेली की आमचा जी. आय. जो बाहुली नव्हे; परंतु १९८९ साली तेथील अपील न्यायालयाने फैसला केला की तो बाहुलीच. पुढे २००३ साली दुसऱ्या एका कंपनीच्या एक्स-मेन वगैरे पुतळ्यांचे प्रकरण आले, तेव्हा १२ टक्के की ६.८ टक्के एवढाच प्रश्न होता, आणि न्यायाधीशीणबाईंनी निवाडा दिला की बाहुली मनुष्याचीच असू शकते, हे पुतळे मनुष्याचे नाहीत, सबब ही खेळणी. स्नेही फोनवर हर्षभरित झाले. “म्हणजे माझा निळ्या अंगाचा कवटीतोंड्या बाहुली नाही. तुमची आख्खी फौज बाहुल्या!” मी विचारले, आणि तुमचा ही-मॅन? तो तर धडधडीत मनुष्य. पलीकडे बराच वेळ शांतता होती. नंतर ते म्हणाले, “त्याचं नाव काढू नका. तो अजून तुमच्या आक्काकडं आहे.”

ही गोष्ट ह्या सदरात मी आजवर सांगितलेली नाही, कारण त्यात माझा पराभव आहे.

आमच्याकडे भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर राहते, हे वऱ्हाड-खानदेशाच्या बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. ती पार्वती, भुलोबा म्हणजे शंकर. माहेरी आलेल्या लेकीचा तो सोहळा. संध्याकाळी आळीतल्या मुली घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि मग खाऊच्या झाकलेल्या डब्याला कान लावून, तो हलवून, आत काय आहे ते ओळखावयाचे असते. शेंगदाण्याचा आवाज निराळा आणि फुटाण्याचा निराळा, हे ज्ञान मला माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, मागे मागे हिंडून लहानपणीच प्राप्त झाले. मुलगा म्हणून मला खेळात घेत नसत, परंतु डबा ऐकावयास देत. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून त्यात दोघांना बसवीत, आणि आमच्या घरी ती मातीची मूर्ती पुढच्या वर्षासाठी कणगीत जपून ठेवण्याची चाल होती. चिखलीच्या बाजारातून आईने आणलेली ही जोडी आक्काने सासरी नेली, मिरविली, रंगविली, आणि परवापरवा मुलाच्या नव्या घरी बुलढाण्यास आणली. येताना गोणपाटात गुंडाळलेल्या भुलाबाईला ओरखडाही आला नाही; भुलोबाचे मात्र सात तुकडे झाले.

पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. आक्काने मला बोलावणे धाडले आणि काहीही प्रस्तावना न करता म्हणाली, “भाऊ, तुझ्यातला एक दे. भुलाबाई एकटी बसवत नसतात.” मी अत्यानंदाने माझा सर्वोत्तम शिपाई नेला, गुडघे मुडपून, हात मांडीवर ठेवून, जवळजवळ पद्मासनात बसवून दाखविला, आणि हे कसब दुसऱ्या कोणत्याही मालिकेत नाही हेही सांगितले. आक्काने तो भुलाबाईच्या शेजारी ठेवला, दोन पावले मागे सरून डोळे बारीक केले, आणि म्हणाली, “बायकोच्या मांडीएवढा नवरा. आळीतल्या पोरी हसतील ना रे.” शिपायाची सेवापुस्तिका तिला वाचून दाखविण्याचा धीर मला झाला नाही.

तेव्हा मान खाली घालून मी खामगावला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी बोथ्याच्या घाटातून एसटीने ही-मॅन घेऊन आलो. त्याला गुडघा नसल्यामुळे तो बसेना; पण वीतभराला किंचित उणी अशी बसलेली भुलाबाई आणि शेजारी उभा साडेपाच इंची उघड्या अंगाचा पैलवान, ही जोडी डोळ्यांना शोभली हे मला मान्य करावे लागले. कमरेला साच्यातच घडविलेली लव असलेली चड्डी होती, तिला व्याघ्रांबर म्हणण्यास काहीच हरकत नव्हती. पिवळे केस आक्काने काजळाने काळे केले, वर सुतळीची जटा बांधली, कपाळी आणि दंडांवर भस्म ओढले, छातीवरचा पट्टा काढून रुद्राक्षाचा एक मणी लोंबविला. हातातली तलवार तेवढी तिने काढून मला परत दिली.

महिनाभर मुली आल्या, टिपऱ्या वाजल्या, खाऊ ओळखला गेला; कुणाला काही वावगे दिसले नाही. एका चिमुरडीने मात्र आपल्या मैत्रिणीच्या कानात सांगितलेले मी ऐकले की ह्यांच्याकडचा भुलोबा व्यायाम करतो. कोजागिरीच्या रात्री खामगावचे स्नेही मुद्दाम दर्शनास आले, मखरासमोर उभे राहिले, हात जोडावेत की न जोडावेत ह्या विवंचनेत क्षणभर घुटमळले, आणि अखेर जोडले. आटीव दूध पिता पिता त्यांनी मला हळूच विचारले की हे काजळ निघते ना.

दुसऱ्या दिवशी मी परत मागण्यास गेलो तो आक्काने कणगीचे झाकण लावून टाकले होते. “देवाचा झाला तो आता. देवाकडून कुणी उसना परत नेतो का?” ह्यावर कायद्याचा कोणता आधार काढावा ते मला सुचले नाही. स्नेह्यांकडे पैलवानांची मालिका मांडलेली आहे, तिच्यात मधली एक जागा आजही रिकामी असून वाघ तेथे बिनस्वाराचा उभा आहे. भरपाई म्हणून मी पाकीटबंद दोन शिपाई देऊ केले; ते म्हणाले, पाच द्या, वजनाला वजन. मी तिनावर आलो आहे. तलवार माझ्याकडे आहे, आणि ती मी अजून त्यांना दाखविलेली नाही.