पिंगळीला कधी विचारले?

जनुकीय बदल केलेल्या पिकांबद्दल लोकमत काय, असा विषय निघाला की उत्तर शहरांतल्या सभागृहांत शोधले जाते. परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीसारख्या गावाच्या शिवारात गेले तर हा वाद कधीच मिटल्यासारखा दिसतो. तिथल्या काळ्या रानात जूनच्या पावसावर जी सरकी टोबली जाते ती जवळपास सगळी बीटीच, म्हणजे बोंडअळीला मारक विष झाडातच तयार व्हावे म्हणून जनुकीय बदल केलेली. मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटी कपाशीला परवानगी दिली आणि आज देशातल्या कपाशीचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्याच बियाण्याखाली आहे. पाकिटाला पैसे मोजले म्हणजे मत दिले असे धरायचे, तर इतका एकतर्फी कौल कुठल्या ग्रामपंचायतीतही लागत नाही. पण हा कौल मानायला मी तयार नाही. कृषी केंद्राच्या फळीवर दुसरे पाकीटच नसेल तर शेतकऱ्याने मत दिले म्हणायचे कशावरून?

बीटीने काहीच दिले नाही, असे म्हणणेही खोटे ठरेल. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीच्या वर्षांत खरोखर कमी झाल्या. देशाची रुईची सरासरी २००१-०२ मध्ये हेक्टरी ३०० किलोच्या आसपास होती, ती २००७-०८ मध्ये ५५० किलोवर गेली. त्यात गुजरातच्या सिंचनाचा आणि चांगल्या पावसाचाही वाटा होता, हे बियाण्याच्या जाहिरातीत कोणी लिहिले नाही, ते सोडा. पुढे मात्र सरासरी घसरली आणि गुलाबी बोंडअळी परतली. ती का परतली, याचा एक धागा पाकिटातच होता. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या कपाशीची पुडी मिळे. ती कडेने लावायची, म्हणजे अळीला बिनविषारी खाद्य मिळते, तिथे वाढलेले पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुळतात आणि विष पचवणारी पिढी लवकर तयार होत नाही. ही पुडी हजारो शेतांत बांधावर भिरकावली गेली. आपल्याच रानात अळीसाठी पाच ओळी राखायच्या, हे ज्याला कोणी पटवून दिले नाही, तो दुसरे काय करणार? तंत्र विकले गेले, त्यामागची अट समजावली गेली नाही. २०१७ मध्ये मराठवाडा-विदर्भात डोमकळ्या (आत अळी शिरल्याने न उमललेल्या कळ्या) दिसू लागल्या, बोंडे किडली, हाती कवडी कापूस आला. सरकारने कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर केले. त्यातले १६,००० रुपये बियाणे कंपन्यांनी द्यायचे होते. कंपन्यांचे म्हणणे, अळी हा बियाण्याचा दोष नव्हे. नुकसान कोणाच्या खात्यावर, हे लागवडीआधी कुठेही ठरले नव्हते.

शहरी मतही असेच पुऱ्या माहितीविना बनते. आपल्या ताटात जनुकीय बदलाचे काही नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. पण बीटी कपाशीच्या सरकीचे तेल निघते, पेंड दुभत्या जनावरांपुढे जाते, आणि ब्राझील-अर्जेंटिनाच्या सोयाबीनचे तेल आपल्या कढईत कधीचे आले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तर केंद्राने कोंबडीखाद्यासाठी जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. परभणीचा सोयाबीन उत्पादक भावाच्या चिंतेत होता. म्हणजे असे सोयाबीन इथे पेरायला बंदी, बाहेर पिकलेले आणायला मुभा. या निर्णयावर जनसुनावणी झाली नाही. तत्त्वाचा एवढा सोयीस्कर वापर पाहिल्यावर शेतकरी सगळ्याच नियमांकडे संशयाने पाहू लागला, तर दोष त्याचा नाही.

सुनावणी एकदा झाली होती. जालन्याच्या महिकोने विकसित केलेल्या बीटी वांग्यावर तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या सुरुवातीला सात शहरांत लोकांचे म्हणणे ऐकले, त्यांत नागपूर होते. ९ फेब्रुवारीला स्थगिती आली आणि ती अजून उठलेली नाही. बांगलादेशातले शेतकरी तेच वांगे २०१४ पासून लावत आहेत. दुसऱ्या टोकाला जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंदी असलेली तणनाशक-सहनशील कपाशी उघडपणे लावली. तिला बाजारात ‘चोर बीटी’ म्हणतात. पावती नाही, उगवणीची हमी नाही, पण खुरपणीचा खर्च वाचतो म्हणून ती खपते. सात शहरांतली सुनावणी आणि शेतातला कायदेभंग, यांच्या मध्ये जे काही असायला हवे, ते आपण उभेच केले नाही.

यावर शास्त्रज्ञांचा आक्षेप ठरलेला असतो : सुरक्षितता हात वर करून ठरत नाही. अगदी मान्य. एखादे प्रथिन माणसाला अपायकारक आहे की नाही, हे प्रयोगशाळेनेच सांगावे. पण बियाणे दरवर्षी विकत घ्यायचे की घरचे राखायचे, अळी फिरली तर भरपाई कोणी द्यायची, तणनाशकाने ज्यांची खुरपणी जाणार त्या बायकांनी जून-जुलैत काय करायचे, यांची उत्तरे कुठल्या प्रयोगशाळेत आहेत? दुसरा आक्षेप उशिराचा : विचारत बसलो तर जग पुढे जाईल. विचारल्याने उशीर होतो, पण वेळेत न विचारल्याने किती होतो ते वांग्याने दाखवले आहे. जनुकीय बदल केलेल्या मोहरीच्या खटल्यात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. तरी सर्व संबंधितांशी बोलून राष्ट्रीय धोरण ठरवा, यावर दोघांचेही एकमत होते.

ते बोलणे पिंगळीपासून सुरू करायला काय हरकत आहे? परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळच आहे. विद्यापीठाने एनएच १९०१, १९०२ आणि १९०४ हे बीटी कपाशीचे सरळ वाण काढले आहेत. संकरित नसल्याने यांची सरकी शेतकरी पुढच्या हंगामाला राखू शकतो. या वाणांचे कोरडवाहू रानातले उतारे, त्यांवरचा किडीचा हिशेब आणि शेजारी लावलेल्या खासगी संकरित वाणाचा खर्च, असे तिन्ही आकडे मराठीत छापून मे महिन्याच्या ग्रामसभेत ठेवावेत, बियाण्याची खरेदी सुरू होण्याआधी. सभेला सातबारावर नाव असलेले येतीलच. खुरपायला आणि वेचायला जाणाऱ्या बायकांनाही बोलावणे धाडावे, कारण तणनाशक-सहनशील वाणाचा विषय निघाला की पहिली हरकत त्यांचीच असणार, आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यावी लागेल.