सुनेचे कार्ड सुनेजवळच असावे



आमचे शिरपूर अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या जैन मंदिरामुळे दूरदूरपर्यंत ठाऊक आहे. परप्रांतांतून कुटुंबेच्या कुटुंबे येथे यात्रेला येतात. आपली माणसे मात्र गावाबाहेर पडत आली ती पोटासाठी. नवरा-बायको मिळून परमुलखात गेले म्हणजे कामालाच गेले, असा आजवरचा हिशेब! आता नोकरीला लागलेली आपली मुले लग्न झाल्यावर हनिमूनला परदेशी जायचे म्हणतात, तेव्हा वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. आम्हाला त्यात गैर काही दिसत नाही.

माता रमाईंचा संसार आठवा. १९१३ साली बाबासाहेब शिकायला अमेरिकेला गेले आणि रमाई मागे राहून हालअपेष्टा सोसत राहिल्या. परदेश त्यांना कधी दिसलाच नाही. पुढे १९५० साली सिलोनच्या बौद्ध परिषदेला आणि धम्मदीक्षेनंतर नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब गेले, तेव्हा माईसाहेब सोबत होत्या. त्याच नेपाळ भेटीत बाबासाहेब लुंबिनीलाही गेले. पत्नीला बरोबर घेऊन जग पाहणे आपल्या चळवळीला परके नाही.

तेव्हा व्याजाने पैसे काढून बँकॉकला जाण्यापेक्षा नव्या जोडप्यांनी लुंबिनीला जावे, असे आम्ही सुचवतो. तोही परदेशच! वाशीम-अकोल्याहून भुसावळ गाठावे, तेथून गोरखपूरची गाडी धरावी. गोरखपूरपासून सोनौलीची सरहद्द शंभरेक किलोमीटर आणि तिच्यापुढे लुंबिनी पंचवीसेक किलोमीटर. भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र पुरते. केवळ आधार कार्डाच्या भरवशावर निघू नये. सोबत शंभराच्या नोटा ठेवाव्यात. आपल्या शंभर रुपयांचे तिकडे एकशे साठ होतात. घड्याळ मात्र पंधरा मिनिटे पुढे करावे.

पण परदेशातल्या या पहिल्या दिवसाची खरी तयारी घरीच करावी लागते. नव्या सुनेने ओळखपत्र मागितले की घरातून उत्तर येते, “त्याच्यापाशी हाये ना सारं, तुले कायले पायजे?” हे आम्ही एका नव्हे, अनेक घरांत ऐकले आहे. सुनेचे कार्ड सासूबाईंच्या पेटीत, पैसे नवऱ्याच्या खिशात आणि सून बॅगेसारखी मागे मागे! सरहद्दीवर मात्र बायकोजवळही स्वतःचे ओळखपत्र असावे लागते. तेथे ती स्वतःच्या नावाने मोजली जाते. मतदार यादीतही तिचे नाव वेगळेच असते. बाबासाहेबांच्या संविधानाने तिला एक स्वतंत्र मत दिले आहे. मग घरातच तिची मोजदाद नवऱ्यात का व्हावी?

म्हणून पहिल्याच दिवशी तीन गोष्टी कराव्यात. तिचे ओळखपत्र तिच्याच पर्समध्ये असावे. निम्मे पैसे तिच्याजवळ असावेत. कोठे उतरायचे, काय खायचे, केव्हा परतायचे हे दोघांनी मिळून ठरवावे. अनोळखी मुलखात चुकामूक झाली, तर ज्याच्याजवळ कागद आणि पैसा असतो तोच सावरतो. शिवाय पहिल्या दिवशी लागलेले वळण पुढे संसारभर टिकते.

लुंबिनीत महामायेच्या मंदिराजवळ सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. त्यावरचा ब्राह्मी लेख १८९६ साली उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला, भगवंतांचा जन्म येथे झाला म्हणून त्याने या गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा आठवा हिस्सा तेवढा ठेवला, असे त्यात कोरले आहे. वंदनेला आलेला राजा गावाच्या डोक्यावरचा भार हलका करून गेला. त्या स्तंभापुढे हात जोडणाऱ्या नवऱ्याने बायकोच्या डोक्यावरचा थोडा भार उतरवला, तर तीच खरी वंदना होईल.

सासूबाईंनाही आमची हात जोडून विनंती आहे. सुनेची बॅग भरताना तिचे कार्ड आपल्या हाताने तिच्या हाती द्या. पुढच्या वर्षी तीच तुम्हाला लुंबिनी दाखवायला नेईल!

जयभीम! नमो बुद्धाय!