बंब कोणाचा?

तासगाव परिसरातील जुन्या पिढीपुढे आग विझविण्याच्या साधनांचा विषय काढला, की बहुतेकांना सर्वप्रथम आठवते ती तांबड्या रंगाची, वाळूने भरलेली, खुंटीला टांगलेली बादली. सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात, पेट्रोलपंपावर, एस.टी.च्या आगारात, जत्रेच्या दिवसांत येणाऱ्या तंबूच्या सिनेमात ही बादली हटकून असे. तिच्यातील वाळूत विड्यांची थोटके आणि पानाच्या पिचकाऱ्या यांचाच भरणा अधिक. या बादलीचे बूड गोल असे. जमिनीवर ठेवली की ती कलंडे. हे वैगुण्य नव्हते, तर योजना होती. घरी नेऊन पाणी भरायला तिचा उपयोग होऊ नये, म्हणजे कोणी ती नेणार नाही, असा तिच्यामागील हिशेब होता. समूहाच्या रक्षणासाठी ठेवलेली वस्तू समूहातीलच कोणीतरी पळविणार, हे गृहीत धरून घडविलेली दुसरी इतकी बोलकी वस्तू सार्वजनिक जीवनात क्वचितच सापडेल.

बादलीनंतर आठवतो तो बंब. पोर्तुगीज भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पंप. तो मराठीत येऊन बंब झाला आणि मराठी माणसाने तोच शब्द न्हाणीघरातील पाणी तापविण्याच्या तांब्याच्या भांड्यालाही लावला. म्हणजे एक बंब विस्तवावर पाणी ओततो आणि दुसरा पोटात विस्तव घेऊन पाणी तापवितो. मोटारीवर चढण्यापूर्वीचा आगीचा बंब हाताने चालवावा लागे. पाण्याच्या टाकीवर आडवा दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना चारचार माणसे, एकांनी दाबायचे आणि दुसऱ्यांनी उचलायचे. टाकीत पाणी कोण आणणार? चामड्याच्या बादल्यांची साखळी आणि पखालवाले. दाब टिकवायचा तर माणसे सतत बदलावी लागत, कारण धट्टाकट्टा गडीदेखील काही मिनिटांत थकून जाई. गणेशोत्सवात तासगावचा रथ पाहिलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. शेकडो हातांनी दोर ओढला म्हणजे काय हलते, हे तासगाव दरवर्षी ऋषिपंचमीला पाहते.

गणवेशाची कथा तर अधिक उद्बोधक आहे. चकचकीत पितळी टोप, पितळी बटणांचा जाड लोकरी डगला, कमरेला कुऱ्हाड, गुडघ्यापर्यंतचे बूट, असे अग्निशामकाचे चित्र जुन्या छायाचित्रांतून मनावर ठसलेले आहे. हा पितळी टोप लंडनच्या दलात १८६० च्या दशकात पॅरिसच्या नमुन्यावरून आला आणि तेथून साम्राज्याच्या शहरांत पसरला. दिसायला तो रुबाबदार होता, पण घरोघर वीज आल्यावर धातूचा टोप घालून लोंबत्या तारांखाली शिरणे म्हणजे मृत्यूला बोलावणे ठरले. म्हणून १९३० च्या दशकात लंडनने तो बाद केला. आज अग्निशामकाचा पोशाख अॅरामिड धाग्याचा असतो. ही वस्त्रे ज्योतीत पेट घेत नाहीत. पाठीवर हवेचे नळकांडे आणि तोंडाला मुखवटा असतो, कारण आगीत माणसे भाजून मरतात त्यापेक्षा धुराने गुदमरून अधिक मरतात. विज्ञान पुढे गेले आहे, यात शंका नाही. प्रश्न असा आहे की, ते कोणाच्या अंगापर्यंत पोहोचले? राज्यातील अनेक छोट्या नगरपरिषदांत बंबावरची माणसे ठेकेदारामार्फत घेतलेली असतात. त्यांच्या वाट्याला खाकी सदरा आणि पायांत मिळेल ती वहाण येते. पितळी टोपाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी या वहाणेकडेही पाहावयास हवे.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अग्निशमन हे सार्वजनिक सेवेचे उदाहरण म्हणून दिले जाते, आणि ते योग्यच आहे, कारण शेजाऱ्याची आग विझविण्यात आपलाही स्वार्थ असतो. परंतु इतिहास इतका सरळ नाही. प्राचीन रोममधील धनाढ्य क्रासस घर जळत असतानाच मालकाशी सौदा करून ते कवडीमोलाने विकत घेई, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. लंडनमध्ये १६६६ च्या भीषण आगीनंतर विमा कंपन्या निघाल्या, त्यांनी आपापले बंब ठेवले आणि विमा उतरविलेल्या घरांवर आपापल्या धातूच्या पाट्या ठोकल्या. ही व्यवस्था पुरेशी नाही हे कळून तेथे सार्वजनिक खर्चाचे दल उभे राहण्यास १८६६ साल उजाडावे लागले. मुंबईत १८०३ साली कोटातील मोठा भाग जळाला, तरी स्वतंत्र दल नगरपालिकेकडे आले ते १८८७ मध्ये. तोवर हे काम पोलिसांकडे होते. घोड्यांचे बंब, मग वाफेचे, मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारीचे, ही सारी प्रगती जेथे कापसाच्या गाठी, गोद्या आणि गिरण्या होत्या तेथे झाली. बंब नेहमी मालमत्तेच्या मागे धावला. माणूस त्या मालमत्तेजवळ राहत असेल तर वाचला.

आणि मालमत्तेचे रक्षण करताना मेला तो मात्र पगारी कामगारच. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज पेटले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कराचीत चढविलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. अशा मालाच्या जहाजाने लावावयाचा धोक्याचा तांबडा बावटाही त्यावर नव्हता. दुपारी आग लक्षात आल्यापासून अग्निशामकांनी शेकडो टन पाणी त्या तळघरात ओतले. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. त्यात ६६ अग्निशामक प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. हाच दिवस डॉ. आंबेडकरांच्या जयंतीचा असल्याने बहुतेकांच्या नजरेतून तो निसटतो, हे खरे. पुढे ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील इमारत कोसळून मुंबई दलाचे चार अधिकारी गेले, त्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हेही होते. सत्तर वर्षांच्या अंतरात साधने बदलली, पण ज्वालाग्राही माल दाटीने कोंबणाऱ्या व्यापाराचा स्वभाव तोच राहिला.

हे झाले महानगराचे. तासगावकडे वळले म्हणजे वेगळेच चित्र दिसते. तासगावपासून फार दूर नसलेल्या, तेव्हाच्या औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीत १९१० मध्ये कारखाना उभा राहिला आणि तेथून निघालेले पंप देशभर गेले. पुढे त्याच उद्योगाने अग्निशमनाचे पंपही बनविले. परंतु पंप जेथे बनतात त्या परिसरातील खेड्यात आग लागली तर विझविणार कोण? उत्तर एकच होते: विहीर, घागरी आणि शेजारी. गवताने शाकारलेले छप्पर पेटायला चूल पुरे आणि वारा असला तर गल्ली जायला अर्धा तास पुरे. दुष्काळी पूर्वभागात चैत्र-वैशाखात विहिरीला पाणीच नसे, तेव्हा शेजारी असूनही काय करणार?

शेजारी या शब्दातही एक गोम आहे. गावकीच्या एकोप्याचे गोडवे गाणारे, बादल्यांच्या साखळीची आठवण काढून सद्गदित होतात. त्या साखळीचा एक दुवा कोठे तुटत असे, हे ते सांगत नाहीत. गावाच्या विहिरीवर ज्यांना रोज पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्या वस्तीला आग लागली तेव्हा कोणत्या विहिरीतून घागरी निघाल्या? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला आणि तो अमलात यावा म्हणून महाडला १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. पाण्याचा हक्क हा तहानेपुरता नव्हता. घर जळताना हाताशी पाणी असणे, हाही त्याचाच भाग होता. आणि आग नेहमी चुलीतूनच लागते असेही नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर या भागात गावोगाव ब्राह्मणांची घरे पेटविण्यात आली. तेव्हा बादल्यांची साखळी उभी करण्यास पुढे आलेले हात होते, आणि हात बांधून पाहणारेही होते. संघटित, गणवेशातील, कोणाचीही जात न विचारता पाणी मारणारे दल असणे याचा अर्थ अशा वेळी कळतो.

स्वातंत्र्यानंतर हे दल खेड्यापर्यंत आले का? येथे थोडा कायदा पाहणे भाग आहे. राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार आग विझविणे हे नगरपरिषदेचे अनिवार्य कर्तव्य आहे. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, बारावी अनुसूची जोडली गेली. नगरपालिकांकडे सोपवावयाच्या तिच्यातील अठरा विषयांत अग्निशमन सेवा आहे. त्याच सुमारास त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तीत एकोणतीस विषय आहेत: शेती, मत्स्यव्यवसाय, ग्रंथालये, बाजार व जत्रा, सारे काही. अग्निशमन मात्र नाही. शहराला आग लागते आणि खेड्याला लागत नाही, अशी घटनादुरुस्ती करणाऱ्यांची समजूत नसावी, परंतु परिणाम तोच झाला. तासगावला नगरपरिषद आहे म्हणून तासगावला बंब हा हक्क आहे. सावळजला, मणेराजुरीला, येळावीला तो शहराचा उपकार आहे. शहराचा बंब खेड्याकडे गेला तर शहर उघडे पडते, आणि न गेला तर खेडे जळते. हा पेच सोडविण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरच स्पष्टपणे टाकलेली नाही.

केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने ग्रामीण भागात वीस मिनिटांत मदत पोहोचावी, असा दंडक घातलेला आहे. सांगली तासगावपासून सुमारे पंचवीस किलोमीटर. मोठी मदत तेथून यावयाची तर हा दंडक कागदावरच राहतो. केंद्रासाठी २०१२ मध्ये झालेल्या पाहणीत देशाला ८,५५९ अग्निशमन केंद्रे हवीत आणि आहेत २,९८७, असे आढळले होते. दोन-तृतीयांश उणीव! पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू झाली. रक्कम लहान नाही. पण ती तालुक्याच्या गावाबाहेर किती झिरपते, हे पाहण्याचे काम कार्यकर्त्यांनीच करावयाचे आहे.

कारण आग आता बदलली आहे. गवती छपरे जाऊन पत्रे आले, हे चांगले झाले. त्याबरोबर या तालुक्यात द्राक्ष आले आणि बेदाणा आला. बेदाण्याच्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या जाळ्यांचे थरावर थर असतात, वर-बाजूला हिरवे जाळीदार कापड, कोपऱ्यात डिपिंग ऑइलचे डबे आणि माल पिवळा दिसावा म्हणून गंधकाची धुरी. पेटण्यासाठी याहून काय हवे? पुढे तोच माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून शीतगृहात जातो. शीतगृहाच्या भिंतींत ज्वालाग्राही फोम असतो आणि त्याचा धूर विषारी असतो. तेथे नुसते पाणी पुरत नाही. श्वसनयंत्रे हवीत, ती वापरण्याचा सराव असलेली माणसे हवीत. त्या शेडमध्ये मजुरी करणाऱ्या स्त्रिया आणि बाहेरगावचे कामगार तेथेच झोपतात, त्यांचा विमा नसतो. मालाचा असतो. पश्चिमेकडे ऊस आहे. वाऱ्याने लोंबत्या तारा एकमेकींना घासून फड पेटतो, आणि जळका ऊस म्हणून कारखाना दरात कपात करतो, तेव्हा आग विझवायला न आलेल्या व्यवस्थेचा भुर्दंड शेतकऱ्यानेच सोसावयाचा असतो.

गंमत अशी की, याच द्राक्षाने एक साधन गावोगाव आणून ठेवले आहे. बागायतदारांच्या दारात ट्रॅक्टरला जोडावयाची औषध फवारणीची टाकी आणि दाबाचा पंप उभा असतो, शिवारात शेततळे असते. २०२० च्या महामारीत याच यंत्रांनी राज्यात अनेक गावांचे रस्ते निर्जंतुक केले. फवाऱ्याचे बारीक तुषार मोठ्या ज्वाळेपुढे टिकत नाहीत, हे खरे. पण आग लहान असतानाच्या पहिल्या दहा मिनिटांत ते फड वाचवू शकतात. टाकीला बंबाची जाड नळी जोडता येईल असे जोड, प्रत्येक गावात पाळीने हजर राहणाऱ्या तरुणांची यादी, राज्य अग्निशमन संचालनालयाकडून वर्षातून दोनदा सराव, एवढे करणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर नाही. ज्या मुलखाने ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर तिरंगा फडकविला आणि पुढे प्रतिसरकारच्या काळात आपले तंटे आपणच मिटविले, त्याला पाळीची यादी करता येणार नाही असे कोणी म्हणू नये.

मात्र यात एक धोका आहे. स्वयंसेवक उभे राहिले, की शासन हात झटकते. पाण्याचे, शाळेचे, दवाखान्याचे असेच झाले. म्हणून गावाची तुकडी ही तालुक्याच्या दलाचा पहिला हात असावी, त्याच्या जागी बसविलेला पर्याय नव्हे. तालुक्याला एक कायम दल हवे, त्यावरची माणसे ठेक्याची नव्हे तर वेतनश्रेणीतील हवीत, त्यांना पोशाख, विमा आणि निवृत्तिवेतन हवे. खर्च जिल्हा परिषद, नगरपरिषद, कारखाने आणि शीतगृहे यांनी मिळून उचलावा. ज्यांचा माल सर्वाधिक पेटण्याजोगा आहे त्यांनी सर्वाधिक द्यावे, हा हिशेब कोणत्याही विमा कंपनीला ताबडतोब समजेल. पुढच्या पंचायत समितीच्या सभेत हा विषय पत्रिकेवर यावा. तो आणताना जुन्या तांबड्या बादलीपैकी एखादी कोठे अडगळीत सापडली, तर ती सोबत न्यावी आणि सभागृहात टेबलावर उभी करून पाहावी.