मांजर आणि कोंबडी एकाच पडवीत

मांजर ठेवावे की कोंबड्या ठेवाव्यात, हा प्रश्न मावळातल्या घरांतून पुन्हा पुन्हा विचारला जातो. सकाळी मोजलेली अकरा पिल्ले संध्याकाळी दहाच भरतात आणि चुलीपाशी डोळे मिटून बसलेल्या मांजराकडे साऱ्यांचे बोट जाते. मारावे तर पाप. त्यासाठी सोन्याचे मांजर करून काशीला वाहावे लागते म्हणतात! मग त्याला पोत्यात घालून इंद्रायणीपलीकडे सोडून येतात आणि चार दिवसांनी ते पुन्हा चुलीपाशी हजर होते. आमचे सांगणे असे की, दोन्ही ठेवावीत. फक्त पिल्ले आठ आठवड्यांची होईपर्यंत दोघांच्या मध्ये जाळी हवी.

भाताच्या मुलखात मांजराचा उपयोग काय सांगावा? वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी भात आला आणि घरोघरच्या कणग्यांत जाऊन बसला. इंद्रायणी असो की आंबेमोहोर, उंदीर-घुशींना दोन्ही सारखेच गोड. उंदीर नुसते धान्य नासत नाहीत, त्यांच्या मुतातून लेप्टोचा ताप माणसाला होतो. घूस तर रात्री कोंबडीच्या पोटाखालून पिल्लू ओढून नेते. विष घालावे म्हटले, तर झिंक फॉस्फाईड लावलेले दाणे कोंबडी आधी टिपते, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही दगावू शकते. ज्या घरात कोंबड्या मोकळ्या फिरतात, तिथे विषापेक्षा मांजर बरे.

तेव्हा मांजराला हाकलण्याआधी खरा चोर कोण, ते नीट पाहावे. भरदिवसा उघड्या अंगणातून पिल्लू गेले आणि मागे पीसही राहिले नाही, तर बहुधा घारीचे काम. रात्रीतून चार-पाच कोंबड्या मान चावून मारल्या, खाल्ल्या मात्र थोड्याच, तर खुराड्यात उदमांजर किंवा रानमांजर शिरले असे समजावे. मुंगूस दिवसा येते आणि अंड्यांवरही ताव मारते. अंडी टरफलासकट नाहीशी झाली तर सापाचा संशय घ्यावा. भिंतीलगत ताजी माती उकरलेली दिसली, बिळाच्या तोंडाशी पिल्लाचा पाय सापडला, तर तो उद्योग घुशीचा. घरच्या मांजराची तऱ्हा वेगळी असते. ते एका वेळी एकच पिल्लू उचलते आणि माळ्यावर किंवा सरपणाच्या राशीमागे नेऊन खाते; पंख-पिसे तिथे मिळतात. मोठ्या कोंबडीच्या वाटेला ते सहसा जात नाही. तीन किलोच्या मांजराला दीड किलोची, चोच आणि नखे असलेली कोंबडी परवडत नाही.

खरी अडचण पावसाळ्यात येते. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इतर गावांत कोंबड्या दिवसभर रानात असतात. आपल्याकडे मृगापासून नवरात्रापर्यंत कोंबड्या, वासरू, मांजर आणि सरपण, सगळ्यांचा संसार एकाच पडवीत. पळणारी, बारीक आवाज करणारी वस्तू दिसली की झडप घालायची, हा मांजराचा स्वभाव आहे. पोट भरलेले असले तरी तो सुटत नाही. म्हणून खुडूक कोंबडी शक्यतो माघात बसवावी. एकवीस दिवसांनी पिल्ले फुटतात, पुढे आठ आठवडे धरले तरी मृगाच्या आत त्यांच्या तलंगा झालेल्या असतात. ओल्या जमिनीवर वाढणाऱ्या पिल्लांना होणारी रक्ती हगवणही त्यामुळे बरीच टळते.

पिल्ले कोणती, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. गावठी कोंबडी पिल्लांसाठी मांजराच्या थेट तोंडावर झेप घेते. असा प्रसाद दोनदा मिळाला की मांजर तिला पाहून वाट सोडते. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची जात, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची. वाढीला दोन्ही चांगल्या. पण उबवणी केंद्रातून आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लांना आई नसते. दिव्याखाली खोक्यात वाढलेल्या पिल्लांना भीती कोण शिकवणार? अशा पिल्लांना जाळीशिवाय ठेवूच नये. एखादी गावठी खुडूक असेल, तर रात्री अंधारात तिच्या पोटाखाली पिल्ले सरकवून पाहावीत. सकाळपर्यंत ती बहुधा त्यांना आपली म्हणते. मात्र उजाडताच टोचत नाही ना, ते पाहावे.

जाळी घेताना बाजारातली मोठ्या भोकांची षट्कोनी कोंबडीजाळी घेऊ नका. तिच्यातून मांजराचा पंजा सहज आत जातो आणि पिल्लाचा पाय बाहेर ओढला जातो. अर्धा इंची चौकोनी जाळी महाग पडते, पण ती एकदाच घ्यायची. खालून वीतभर जाळी जमिनीत पुरावी म्हणजे घूस उकरून येत नाही, आणि वरूनही झाकावी, कारण मांजर चढते. बांबूचे डालगे तास-दोन तासांसाठी ठीक. त्यावर दगड ठेवायला विसरू नये. रात्री मात्र लहान-मोठे सगळे पक्षी खुराड्यात आणि खुराड्याला कडी. मावळात बिबट्याही आहे, नुसते फळकूट टेकवून भागत नाही.

मांजराला शिकवता येते का? थोडे येते. झिंग-यांग क्वो नावाच्या चिनी शास्त्रज्ञाने १९३० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आईला उंदीर मारताना पाहत वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ उंदीर मारू लागली. उंदरांबरोबरच एका पिंजऱ्यात वाढलेल्या १८ पिल्लांपैकी फक्त तिघांनी उंदीर मारले आणि तेही सोबत्यांच्या जातीचे नव्हेत. आपल्याला हवे ते यातून निघते. उंदीर मारणाऱ्या मांजरीचेच पिल्लू घ्यावे आणि त्याने लहानपणापासून कोंबडीची पिल्ले पाहावीत, अर्थात जाळीपलीकडून. मांजरी घरातच व्याली असेल तर फारच उत्तम. जाळीशी दबा धरून बसलेले मांजर दिसले तर पाण्याचा शिपका मारावा. काठीने मारू नये. ते तुम्हाला घाबरते, पिल्लांचा नाद सोडत नाही.

नुसत्या दूधभातावर मांजर जगत नाही. संध्याकाळी मूठभर सुकट भिजवून द्यावी, म्हणजे रात्री ते घराजवळ राहते. कोंबडी कापल्यावर आतडी आणि मुंडी अंगणातच मांजरापुढे टाकायची पद्धत मात्र बंद करा. कच्ची चटक लागते, आणि रोगाचे भय त्याहून मोठे आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तो आपल्या देशातला पहिला. तो कोंबड्यांचाच रोग असे पुष्कळांना अजून वाटते. पण २०२४ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच रोगाने मेले, आणि २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही तो सापडला. कोंबडी आपोआप मेली तर ती मांजराला, कुत्र्याला देऊ नये, उकिरड्यावर टाकू नये आणि स्वतःही खाऊ नये. एखादीच असेल तर हाताला पिशवी बांधून उचलावी, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. एका दिवसात अनेक मेल्या तर काहीही न हलवता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, मांजराला घरात कोंडावे.

मांजराची विष्ठाही सांभाळण्याची गोष्ट आहे. तिच्यातून होणारा एक रोग गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला अपाय करतो. घरात गरोदर लेक-सून असेल तर चुलीची राख, खुराड्याची घाण आणि मांजर बसते ती माती तिने काढू नये, हे काम घरातल्या पुरुषांनी करावे. राखेचा ढीग कोंबड्यांनाही अंग घोळायला आवडतो. तेव्हा मांजरासाठी राख परसात एका कोपऱ्यात ठेवावी आणि कोंबड्यांसाठी दुसरीकडे, वर छप्पर घालून.