अश्रू, हिमकण आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ : १९७२ ची डेमोक्रॅटिक प्रायमरी

१/ अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. तेथे प्रत्येक इच्छुकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. हा माणूस विश्वासार्ह आहे काय? आणि हा निवडून येईल काय? पहिल्याचे उत्तर त्याच्या वर्तनात शोधता येते. दुसऱ्याचे उत्तर मतदानापूर्वी कोणाकडेच नसते. या दोहोंची गल्लत झाली की काय घडते, ते १९७२ ने दाखवले. #धागा

२/ पार्श्वभूमी १९६८ ची. त्या वर्षी ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांवर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या आणि आत पक्षश्रेष्ठी आपल्या माणसाला पुढे करत होते. नोव्हेंबरमध्ये रिचर्ड निक्सन जिंकले. मतांतील फरक एक टक्क्याहूनही कमी होता.

३/ त्यानंतर पक्षाने उमेदवारनिवडीचे नियम बदलण्यासाठी आयोग नेमला. त्याचे पहिले अध्यक्ष साउथ डकोटाचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न. बंद खोलीतील निर्णय प्रायमरीच्या मतदारांकडे सोपवण्याचा हा प्रयत्न होता. नियम बदलले, सवयी मात्र तितक्या लवकर बदलत नाहीत. श्रेष्ठींनी १९७२ साठी आपला माणूस आधीच हेरून ठेवला होता.

४/ ते मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की. पोलंडहून आलेल्या एका शिंप्याचे चिरंजीव आणि १९६८ मधील हम्फ्री यांचे उपाध्यक्षपदाचे जोडीदार. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामागे त्यांचे मोठे परिश्रम होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, मध्यावधी मतदानाच्या आदल्या रात्री, दूरचित्रवाणीवरील त्यांचे संयत भाषण देशाने ऐकले आणि ते आघाडीचे इच्छुक ठरले.

५/ १९७१ च्या आरंभी जनमत चाचण्यांत ते निक्सन यांच्या बरोबरीने, काहींत तर पुढेही होते. पाठिंब्याची रीघ लागली. कारण विचारल्यास उत्तर बहुधा एकच येई : निक्सनना हरवील तर हाच. आपल्याकडे तिकीटवाटपाच्या वेळी ज्याला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात, तेच हे.

६/ मस्कींविषयी रास्त शंका नव्हत्या असे नाही. १९६८ मध्ये ते प्रशासनाच्या युद्धधोरणाच्या बाजूने उभे होते, पुढे युद्धविरोधी झाले. हा बदल केव्हा आणि का झाला, हा प्रश्न विचारण्याजोगा होता. प्रत्यक्षात त्यांचा कस लागला तो भलत्याच प्रश्नावर.

७/ २४ फेब्रुवारी १९७२. न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीला दोन आठवडे उरलेले. ‘मँचेस्टर युनियन लीडर’ या दैनिकाने एक वाचकपत्र छापले. फ्लोरिडात फ्रेंच-कॅनेडियन लोकांना उद्देशून वापरलेल्या एका हिणकस शब्दावर मस्की हसले, असा त्यात आरोप होता. न्यू हॅम्पशरमध्ये त्या वंशाचे मतदार फार मोठ्या संख्येने होते. घाव बरोबर वर्मी बसणार होता.

८/ पाठोपाठ त्याच दैनिकाने मस्कींच्या पत्नीविषयी हेटाळणीचा मजकूर पुन्हा छापला. २६ फेब्रुवारीला, हिमवर्षाव सुरू असताना, मस्की दैनिकाच्या कचेरीसमोर एका उघड्या ट्रकवर उभे राहिले. मालक विल्यम लोब यांना त्यांनी भेकड म्हटले. पत्नीचा उल्लेख करताना त्यांचा कंठ दाटून आला. भाषण क्षणभर थांबले.

९/ ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे डेव्हिड ब्रोडर यांनी लिहिले की मस्कींच्या गालांवरून अश्रू ओघळत होते. मस्की म्हणाले, ते वितळलेले हिमकण होते. दुसऱ्या दिवसापासून चर्चेला एकच विषय उरला : जो माणूस भर चौकात रडतो, तो मॉस्कोसमोर टिकेल काय?

१०/ ७ मार्चला मतदान झाले. मस्की ४६ टक्के, मॅकगव्हर्न ३७ टक्के. मस्की नऊ टक्क्यांनी जिंकले! तरीही तो पराभवच मानला गेला. शेजारच्या राज्यातील आघाडीच्या उमेदवाराने निम्म्याहून अधिक मते घ्यायला हवी होती, असे आधीच ठरून गेले होते. प्रत्यक्ष मतांपेक्षा अपेक्षित मते वजनदार ठरली.

११/ पुढची घसरण वेगवान होती. फ्लोरिडात जॉर्ज वॉलेस जिंकले. मस्की चौथे, सुमारे ९ टक्के. विस्कॉन्सिनमध्ये मॅकगव्हर्न जिंकले. मस्की पुन्हा चौथे. पेनसिल्व्हेनियात गव्हर्नर मिल्टन शॅप यांचा पाठिंबा असूनही बाजी हम्फ्री यांनी मारली. २७ एप्रिलला मस्कींनी प्रचार थांबवला. भाषणाला दोन महिने आणि एक दिवस झाला होता.

१२/ केवळ पत्रामुळे मस्की कोसळले, असे म्हणणे सोपे असले तरी अपुरे आहे. निवडून येण्याची क्षमता हा उमेदवाराचा गुण नसतो. इतर लोक काय करतील याविषयी बांधलेला तो अंदाज असतो. दुसरे स्वीकारतील या भरवशावर प्रत्येक जण स्वीकारतो, अशी ती हुंडी आहे. एकाने ती वटवायला नकार दिला की साऱ्यांचेच हात आखडतात.

१३/ मॅकगव्हर्न यांचे समर्थक त्यांच्याकडे युद्धविरोधासाठी आले होते, म्हणून आरंभीच्या पिछाडीतही ते टिकले. मस्कींचे अनेक समर्थक विजयासाठी आले होते. विजय दुरावताच त्यांना थांबण्याचे कारण उरले नाही. ‘हाच जिंकेल’ हे ज्याच्या प्रचाराचे मुख्य बळ, त्याला एक फिकी जीतही परवडत नाही.

१४/ आता त्या पत्राविषयी. ते फ्लोरिडातील डीअरफील्ड बीच येथून ‘पॉल मॉरिसन’ या नावाने आले होते. असा माणूस कधीच सापडला नाही. १० ऑक्टोबर १९७२ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये वुडवर्ड आणि बर्नस्टीन यांनी हे पत्र निक्सन यांच्या बाजूच्या घातपाती प्रचाराचा भाग असल्याचे वृत्त दिले. ते आपण लिहिल्याचे व्हाइट हाउसमधील केन क्लॉसन यांनी एका पत्रकाराजवळ सांगितले, असे त्यात होते. क्लॉसन यांनी इन्कार केला.

१५/ घातपात मात्र निर्विवाद होता. डोनाल्ड सेग्रेटी यांनी फ्लोरिडात मस्कींच्या प्रचाराच्या नावे बनावट पत्रे वाटली, त्यांत हम्फ्री आणि हेन्री जॅक्सन यांच्यावर घाणेरडे आरोप केले. पुढे गुन्हा कबूल करून ते तुरुंगात गेले. निक्सन यांच्या माणसांना मस्की नको होते, मॅकगव्हर्न हवे होते. डेमोक्रॅटिक मतदारांच्या मनातील काही शंका अशा प्रकारे विरोधकांनी पेरलेल्या होत्या.

१६/ मग साशंकताच त्याज्य मानावी काय? मुळीच नाही. मॅकगव्हर्न यांच्याविषयीच्या शंका पाहाव्यात. प्रत्येक नागरिकाला वर्षाला १,००० डॉलर देण्याची कल्पना त्यांनी मांडली. कॅलिफोर्नियातील वादांत हम्फ्री यांनी खर्च विचारला, तेव्हा त्यांना नेमके उत्तर देता आले नाही. ही शंका उघडपणे, समोरासमोर विचारलेली होती. तिने मतदाराला काहीतरी शिकवले.

१७/ जुलैत उपाध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ईगल्टन यांच्यावर नैराश्यासाठी विजेच्या झटक्यांचे उपचार झाल्याचे उघड झाले. मॅकगव्हर्न यांनी आपण ‘हजार टक्के’ त्यांच्या पाठीशी असल्याचे सांगितले. ३१ जुलैला ईगल्टन यांना बाजूला व्हावे लागले. प्रामाणिकपणा हीच ज्यांची पुंजी, त्यांच्या शब्दाची किंमत आठवडाभरात घसरली. येथे कोणाच्या बनावट पत्राची गरज पडली नाही.

१८/ ७ नोव्हेंबरला निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. मॅकगव्हर्न यांना मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन एवढेच मिळाले. निवडून येण्याच्या क्षमतेचा याहून मोठा दाखला कोणता? आणि २१ महिन्यांनी, ९ ऑगस्ट १९७४ रोजी, तेच निक्सन वॉटरगेटमुळे पायउतार झाले. सर्वांत निवडणूकक्षम ठरलेला माणूस सर्वांत अविश्वासार्हही निघाला.

१९/ म्हणून प्रायमरीच्या मतदाराने या दोन प्रश्नांना समान वजन देऊ नये. विश्वासार्हतेची शंका आली तर तिचा पुरावा मागावा : कोणी म्हटले, कोठे म्हटले, त्याचा लाभ कोणाला? निवडून येण्याची शंका आली तर ती कोणाच्या तरी अंदाजावर उभी आहे एवढे ध्यानात ठेवावे. अंदाज बांधणे हे विश्लेषकांचे काम आहे. मतदाराच्या हाती मत असते. दुसऱ्याच्या मताचा अंदाज घेऊन ते देणे म्हणजे आपला हक्क दुसऱ्याला उसना देणे होय.

२०/ मस्की पुढे १९८० मध्ये जिमी कार्टर यांचे परराष्ट्रमंत्री झाले. ब्रोडर यांनी १९८७ मध्ये त्या बातमीविषयी एक लेख लिहून खंत व्यक्त केली : ते अश्रूच होते याची त्यांना आता खात्री नव्हती, आणि त्या दिवसामागे कोणाचे कारस्थान होते हे वाचकांपर्यंत वेळेत पोहोचले नव्हते. पंधरा वर्षांनी आलेला हा खुलासा प्रांजळ होता. न्यू हॅम्पशरच्या मतदारांना मात्र तो ७ मार्च १९७२ पूर्वी हवा होता.

(समाप्त)